दर रविवारी मी मरतो

गेल्या काही महिन्यांत मी इतक्या वेळा मेलो आहे की आमच्या इमारतीत आता त्याचं कुणाला काही वाटेनासं झालं आहे. सोमवारी सकाळी लिफ्टमध्ये भेटणारी माणसं पूर्वी "काय, कसं काय?" असं विचारायची. आता "या वेळी कशानं?" असं विचारतात, आणि मी सांगायला तोंड उघडेपर्यंत त्यांचा मजला येतो. स्वतःच्या मरणाची हकिगत अर्धवट टाकावी लागणं यासारखा अपमान नाही.

मला मारतात त्या माझ्या सासूबाई. हे वाचून ज्यांना माझी कणव आली असेल त्यांनी ती जरा राखून ठेवावी, पुढे लागणार आहे. जावयाला लोक दहावा ग्रह म्हणतात, त्याच्या कलानं घ्यावं, त्याला दुखवू नये, असं सांगतात. आमच्या घरी हे शास्त्र कुणी वाचलेलं नाही.

सासूबाई राहायच्या मुलाकडे, दुसऱ्या गावी. तिथे न्हाणीघरात घसरून त्यांचा पाय मोडला. त्या घरी दिवसभर कुणी नसतं, म्हणून पाय बरा होईपर्यंत त्या आमच्याकडे आल्या आणि बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर त्यांचा मुक्काम पडला. पाय प्लास्टरमध्ये आणि बाई स्वस्थ बसणाऱ्या नव्हेत. त्यांना व्यायाम द्यायला येणारी मुलगी शेवटी कंटाळून एक जाडजूड पुस्तक आणि मूठभर चमत्कारिक फासे घेऊन आली. "आजी, हे वाचा, खेळा, पण खुर्चीतून उठायचं नाही," म्हणाली. आठवड्याभरात आजींनी पुस्तकाला खाकी कव्हर घातलं आणि त्या मुलीलाच एका पडक्या दीपगृहात बुडवून मारलं. ती मुलगी आता फक्त व्यायामापुरतीच थांबते.

खेळ तसा सोपा आहे. टेबलाभोवती चारपाच जणांनी बसायचं. त्यातला एक सूत्रधार. तो गोष्ट सांगतो, आणि गोष्ट नेहमी भुताची असते. बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. प्रत्येकाजवळ एक कागद, त्यावर आपला धंदा काय, ताकद किती, धीर किती, खिशात काय काय, हे लिहिलेलं. पट नाही, सोंगट्या नाहीत. सूत्रधार विचारतो, "आता तुम्ही काय करता?" आणि आपण जे सांगू ते जमतं की नाही हे फासे ठरवतात. काही भयंकर दिसलं की धीर कमी होतो. धीर संपला की माणूस वेडा, ताकद संपली की माणूस खलास.

सासूबाईंची उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. त्यांचा आवाज अजून तसाच आहे, गार, स्वच्छ, आणि कसल्याही भावनेचा स्पर्श नसलेला. भुताचं वर्णन करताना इतर सूत्रधार म्हणे घोगरा आवाज काढतात, मेणबत्त्या लावतात. सासूबाई भर दुपारी पडदे उघडे ठेवून, चहाचा कप हातात घेऊन, "कपाटातून एक हात बाहेर आला आहे, कृपया प्रतीक्षा करा," अशा थाटात सांगतात आणि अंगावर सर्रकन काटा येतो. कुणी मेलं की त्याचा कागद उलटा ठेवतात आणि म्हणतात, "तुमच्या प्राध्यापकाकडून उत्तर येत नाही." बस्स. पुढे एक शब्द नाही.

तो प्राध्यापक म्हणजे माझा पहिला माणूस. ओसाड बंगल्यातलं कोडं सुटलं होतं, भूत कोंडून झालं होतं, सगळे सुखरूप फाटकाबाहेर आले होते. सासूबाई सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "मागे वळून पाहिलं तर तळघरात दिवा जळताना दिसतो." बाकीचे चालू लागले. मी म्हणालो, "मी दिवा बंद करून येतो." आता मला सांगा, रिकाम्या घरात दिवा जळत ठेवून माणूस पुढे जाईल कसा? त्याच्या पायाला चैन पडेल का? मी गेलो, दिवा बंद केला, आणि अंधारात जे व्हायचं ते झालं.

दुसरा होता बँडमास्तर. दार वाजलं. मी काही दुधखुळा नाही, आधी "कोण आहे?" असं विचारलं. बाहेरून उत्तर आलं, "मीच." उघडलं मी दार. जन्मभर ज्या ज्या वेळी दाराबाहेरून कुणी "मीच" म्हणालं त्या त्या वेळी मी ते उघडत आलो आहे, आणि तेवढ्या पुराव्यावर आपल्याकडे सगळेच उघडतात. तिसरा होता बोटीचा कप्तान, चांगला धिप्पाड. शवागारात अंधारात चाचपडताना एका प्रेताला त्याचा धक्का लागला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माफ करा हं." प्रेत म्हणालं, "असू द्या." मेलेल्याशी बोललं की तो जागा होतो, हे पुस्तकात ठळक अक्षरात छापलेलं आहे म्हणे. प्रेताच्या तोंडी इतके सभ्य शब्द छापलेले असतील असं मला वाटत नाही. ते सासूबाईंनी पदरचे घातले, खास माझ्यासाठी.

मी विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासतो. जळालेली दुकानं, बुडालेली गोदामं पाहत फिरणं हे माझं काम. इतकी वर्षं सावधपणाचा पगार खाल्ला आणि खेळात मात्र असा हकनाक मरतो, हे मनाला लागत होतं. त्या जखमेवर माझ्या बायकोनं मीठ चोळलं. ती शाळेत गणित शिकवते. घरात पेन्सिल जागची हलली तरी तिला कळतं. खेळात ती झाली घरफोडी करणारी बाई, आणि पहिल्या रविवारपासून ती ठणठणीत आहे. कुलूप दिसलं की तिचे डोळे लकाकतात. मी इतक्या वर्षांत ते डोळे असे लकाकलेले पाहिले नव्हते, आणि पाहून मला फारसं बरं वाटलं नाही.

वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर शिकारी झाले होते. दवाखान्यात पेशंट कितीही ओरडला तरी त्यांचा हात हलत नाही. खेळात मात्र फळी करकरली की पहिली गोळी यांची सुटते, आणि ती बहुधा माझ्या पायाला लागते. चौथे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. ते खरं म्हणजे तक्रार घेऊन आले होते. रविवारी दुपारी आमच्या खिडकीतून "तिचं डोकं कुठे पुरलंय ते आधी बघा," असं वाक्य जिन्यात ऐकू गेलं होतं आणि त्याची रीतसर चौकशी होणं भाग होतं. चौकशी करता करता ते खुर्चीवर टेकले, टेकता टेकता त्यांनी फासा टाकला, आणि चहा येईपर्यंत ते सेवानिवृत्त न्यायाधीश झाले होते. तक्रार अजून त्यांच्याचकडे प्रलंबित आहे.

मेल्याचं दुःख नव्हतं. दुःख होतं ते सासूबाईंच्या नजरेचं. माझा कागद उलटा ठेवताना त्या चष्म्यावरून माझ्याकडे असं बघायच्या, की मुलीचं लग्न ठरवताना आपण चौकशीत कुठे कमी पडलो याचा त्या हिशेब करताहेत असं वाटावं. आणि आता दिवस थोडे उरले होते. प्लास्टर निघायची तारीख ठरली होती. मेहुण्याचा फोन आला होता की प्लास्टर निघालं की गाडी पाठवतो. सासूबाई त्यावर "तिथं टीव्ही मोठा आहे," एवढंच एकदा म्हणाल्या.

म्हणजे रविवार एकच उरला होता. त्या रविवारी काहीही झालं तरी मला जिवंत राहायचं होतं. सासूबाई परत जाणार आणि जावई म्हटलं की त्यांना तळघरातला दिवा आठवणार, ही कल्पनाच मला सोसेना.

हा बेत मी फक्त बायकोला सांगितला होता. दुसऱ्या दिवशी तो सगळ्या इमारतीला माहीत होता. मग सल्ले सुरू झाले. फुकटचा सल्ला देताना आपली माणसं हात आखडता घेत नाहीत. दातांच्या डॉक्टरांनी माझी दाढ कोरता कोरता दुनळी बंदूक घ्यायला सांगितलं, आणि माझ्या तोंडात त्यांचं हत्यार असल्यामुळे मला ते मान्य करावं लागलं. सेक्रेटरी म्हणाले, "कुठेही आत शिरायच्या आधी मालकाची लेखी परवानगी मागा. परवानगी येईपर्यंत गोष्ट संपते, हा माझा सोसायटीतला अनुभव आहे." तळमजल्यावरचे मुख्याध्यापक, वय झालेले, दृष्टी अधू, त्यांनी मला जिन्यात उभं करून मौनाचं महत्त्व या विषयावर बराच वेळ भाषण केलं. ऑफिसातले साहेब शेजारच्याच इमारतीत राहतात. "मी काल शवागारात गेलो," हे माझं फोनवरचं बोलणं ऐकल्यापासून ते माझ्याशी जरा जपूनच वागत, पण त्यांनीसुद्धा "काही सही करू नका" एवढं सांगून ठेवलं. बायकोचा सल्ला सर्वांत छोटा होता.

"तुम्ही कशाला हात लावू नका. आणि बोलू तर अजिबात नका."

"मग खेळू काय?"

"तेच म्हणतेय मी."

या सगळ्यातून माझा नवा माणूस तयार झाला. तो होता विम्याचा सर्व्हेअर. आजवर मी प्राध्यापक झालो, कप्तान झालो, म्हणजे जे आपल्याला जमत नाही ते करायला गेलो. आता मी मीच होणार होतो. त्याच्याजवळ मी दोन बॅटऱ्या, दोरखंड, शिट्टी, रेनकोट, प्रथमोपचाराची पेटी, घडीची शिडी आणि ती दुनळी एवढं सामान दिलं. सासूबाईंनी कागद वाचला आणि सांगितलं, "एवढं ओझं घेऊन हा माणूस पलंगावरून उठू शकणार नाही." मग शिडी गेली, दुनळी गेली, पेटी गेली. शेवटी एक बॅटरी आणि रेनकोट उरला.

तोपर्यंत दुसरीच भानगड उपटली. मी वाचतो की जातो हे पाहायला यायचं असं निम्म्या इमारतीनं ठरवलं होतं, आणि आमच्या बाहेरच्या खोलीत दिवाण, चाकाची खुर्ची आणि टेबल मांडल्यावर श्वास घ्यायलासुद्धा पाळी लावावी लागते. तेव्हा सोसायटीचा हॉल मागायचं ठरलं. हॉलसाठी अर्ज करावा लागतो. अर्जात हॉल कशासाठी हवा याचे चार पर्याय छापलेले आहेत: लग्न, वाढदिवस, सर्वसाधारण सभा आणि शोकसभा. पूर्वी "इतर" असाही पर्याय होता. पण त्याखाली एका सभासदानं आपला जुना सोफा हॉलमध्ये ठेवला आणि तो अजून तिथेच आहे, म्हणून तो पर्याय रद्द झाला.

"यातलं आपलं काहीच नाही," मी म्हणालो.

सेक्रेटरींनी चष्मा पुसला. "लग्न आहे का? नाही. वाढदिवस? नाही. सर्वसाधारण सभेला आठवडाभर आधी विषयपत्रिका लागते. आता मला सांगा, तुमच्या खेळात कुणी मरतं का?"

"बहुतेक मीच."

"मग प्रश्नच मिटला," म्हणून त्यांनी शोकसभेवर खूण केली.

मला वाटलं, एवढ्यावर सुंठीवाचून खोकला गेला. पण हॉल दिला की नोटीस लावायची असा नियम आहे, आणि सेक्रेटरी स्वतः खेळात असले तरी नियम खेळाच्या बाहेर ठेवतात. बोर्डावर सुवाच्य अक्षरात नोटीस लागली. तिसऱ्या मजल्यावरील कुटुंबातर्फे रविवारी दुपारी चार वाजता शोकसभा, सर्वांनी उपस्थित राहावे. आमच्या घरी पाय मोडलेल्या वयस्कर बाई आहेत हे सर्वांना ठाऊक होतं. अशा वेळी घरच्यांना प्रश्न विचारून त्रास देऊ नये इतपत सगळेच सुसंस्कृत आहेत. त्यामुळे खेळ बारगळला असं सगळ्यांनी धरून चाललं, कुणी काही विचारलं नाही आणि ती नोटीस आम्हीही वाचली नाही. स्वतःच्या कार्यक्रमाची नोटीस कोण वाचतं?

मला लोकांचं वागणं थोडं वेगळं वाटलं खरं. लिफ्टमध्ये "या वेळी कशानं?" बंद झालं. लोक माझ्यासाठी दार धरून ठेवू लागले. साहेबांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं की सोमवारी नाही आलात तरी चालेल. मला वाटलं, माणसाचा निर्धार बघून जगाला आदर वाटतो तो असा. पहिल्या मजल्यावरच्या एका काकू तर जिन्यात थांबून म्हणाल्या, "बिचाऱ्या सुटल्या एकदाच्या."

"सोमवारी सुटतील," मी म्हणालो. मला प्लास्टर म्हणायचं होतं. काकू माझ्याकडे बघत दोन पायऱ्या मागे सरकल्या.

रविवारी मी सासूबाईंना चाकाच्या खुर्चीतून हॉलच्या दाराशी नेलं. मांडीवर खाकी कव्हरचं पुस्तक, त्यावर फाशांची पिशवी. मागून बायको, शिकारी आणि न्यायाधीश. आत हॉल गच्च भरलेला होता. सगळे खाली माना घालून बसलेले. टेबलावर पांढरी फुलं होती, साहेबांनी आणलेला मोठा हार होता, आणि माईकसमोर उभे राहून मुख्याध्यापक बोलत होते. "त्यांचा तो आवाज," ते म्हणत होते, "जिन्यातून जाताना कानावर पडायचा आणि वाटायचं, घरात कुणी वडीलधारं आहे. आज तो जिना मुका झाला."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी पुढे होऊन काही बोलणार तोच सासूबाईंनी हात मागे करून मला थोपवलं.

"थांबा. ऐकू द्या."

मुख्याध्यापकांना लांबचं दिसत नाही. ते बोलत राहिले. सासूबाईंचा करारीपणा, त्यांची शिस्त, मोडक्या पायानंही न हरलेली उमेद, सगळं आलं. पहिल्या रांगेतल्या काकूंनी डोळे पुसायला मान वर केली, त्यांना दारात खुर्ची दिसली, आणि त्या तशाच रुमाल डोळ्यांशी धरून राहिल्या. मग एकेक मान वर होऊ लागली. शेवटी शांतता इतकी झाली की मुख्याध्यापकांनाही काहीतरी चुकलंय असं वाटलं आणि ते थांबले.

"पुढे?" सासूबाई म्हणाल्या.

पुढचा गोंधळ सांगत नाही. काकूंना पाणी द्यावं लागलं, मुख्याध्यापकांना खुर्ची द्यावी लागली, आणि सेक्रेटरी अर्जाची प्रत काढून आपली चूक कशी नाही हे ज्याला त्याला दाखवत फिरले. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. साहेब हार हातात घेऊन उभे होते आणि तो कुणाला घालावा याचा त्यांचा निर्णय होत नव्हता. सासूबाईंनी तो मागून घेतला आणि टेबलाला घातला.

"मी जन्मभर लोकांना एकमेकांशी जोडून दिलं," त्या माईकवरून म्हणाल्या. आवाज तोच होता, पण मधेच थोडा अडकला. "माझ्याबद्दल कुणी एवढं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. आता आलाच आहात तर बसा. आमच्या जावयांना कसं मारते ते बघा."

लोक बसले. शोकसभा फुकट जाण्यापेक्षा हे बरं, असा एकंदर सूर होता.

गोष्ट होती डोंगरमाथ्यावरच्या एका आरोग्यधामाची. वीसेक वर्षांमागे आग लागून ते बंद पडलेलं. नुकसानीचा जुना दावा निकालात काढायला माझा सर्व्हेअर तिथे आलेला, बाकीचे त्याच्याबरोबर. फाटक उघडं होतं. मी ठरल्याप्रमाणे सांगितलं, "मालकाची लेखी परवानगी नाही. मी फाटकाबाहेर थांबतो."

"आत कुणीतरी मदतीला हाका मारतंय," सासूबाई म्हणाल्या.

"लेखी कळवायला सांगा."

हॉलमध्ये हशा पिकला. सासूबाईंनी ओठ घट्ट मिटले. बाकीचे तिघे आत गेले आणि मी फाटकाशी रेनकोट घालून उभा राहिलो. आत शिकाऱ्यानं आरशातल्या स्वतःवर गोळी झाडली आणि आपल्याच गोळीनं गेला. न्यायाधीशांनी भिंतीवरची पाटी मोठ्यानं वाचली, जी वाचायची नव्हती, आणि त्यांच्याकडून उत्तर येईनासं झालं. माझ्या बायकोनं शस्त्रक्रियेच्या खोलीचं कुलूप उघडलं तेव्हा तिचे डोळे लकाकले होते. पण ते दार फक्त बाहेरून उघडत होतं. ती आत कोंडली गेली.

"पहाट झाली की ही जागा निवळते," सासूबाई म्हणाल्या. "पहाटेला आता थोडाच अवकाश आहे. तोवर जो जिवंत, तो जिवंत."

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. मी सर्व्हेअर, फाटकाबाहेर, कशालाही हात न लावता उभा. आता फक्त गप्प बसायचं होतं. मुख्याध्यापकांनी पहिल्या रांगेतून तोंडावर बोट ठेवून मला धीर दिला.

"आरोग्यधामातून एक बाई येते," सासूबाई सांगू लागल्या. "मेट्रनचा पोशाख. हातात लहानशी पेटी. गवतावरून चालते आहे, पण गवत वाकत नाही. ती फाटकाच्या आत, तुमच्यापासून हातभर अंतरावर येऊन उभी राहते."

"हीच ती," दातांचे डॉक्टर माझ्या कानाशी कुजबुजले. "हिच्याच हाकांनी आम्ही तिघे आत गेलो. बोललात की गेलात."

मी मान हलवली.

"मेट्रन म्हणते, मुलगा गाडी पाठवणार होता. अजून आली नाही." सासूबाईंनी पुस्तक मिटलं. "ती म्हणते, तिथं सगळं आहे. मोठं घर आहे. दिवसभर शांत असतं. कुणी काही मागत नाही. ती विचारते, तुम्हाला रस्त्यावर दिवे दिसताहेत का?"

सासूबाई गोष्ट सांगताना पुस्तक उघडं ठेवतात आणि बोट ओळीवर असतं. आता पुस्तक मिटलेलं होतं. त्या माझ्याकडेही बघत नव्हत्या, टेबलावरच्या फुलांकडे बघत होत्या. मला एकदम वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. सर्व्हेअर, पहाट, जिवंत राहायचं, सगळं डोक्यातून गेलं. समोर एक म्हातारी बाई पेटी घेऊन उभी आहे आणि आपण रेनकोट घालून गप्प उभे आहोत, हे काही मला बघवेना.

"अहो, तुम्ही उभ्या किती वेळ राहणार?" मी म्हणालो. "ती पेटी इकडे द्या बघू."

हॉलमध्ये "अरे अरे" झालं. बायकोनं कपाळाला हात लावला. साहेब पुटपुटले, "सही करू नका."

"तुमचा हात पेटीला लागला आहे," सासूबाई म्हणाल्या. "हात बर्फासारखा पडतो आहे. आता तुम्ही काय करता?"

"गाडी नाही आली तर राहू दे," मी म्हणालो. "आमच्याकडे चला. जवळच आहे. आमच्याकडे शांत नसतं, सारखी कुणाची तरी ये-जा असते, पण जागा आहे. चला."

सासूबाईंनी पुस्तक उघडलं, पानं मागे केली, पुढे केली. मग सेक्रेटरींकडे सरकवलं. सेक्रेटरींनी अनुक्रमणिकेवरून बोट फिरवलं आणि सांगितलं, "पळून जाणे आहे. हल्ला करणे आहे. मंत्र म्हणणे आहे. घरी नेणे हे कुठेच नाही."

"नसणारच," सासूबाई म्हणाल्या. "असं कोण करतं?"

त्यांनी फासा हातात घेतला, थोडा वेळ मुठीत खुळखुळवला आणि न टाकताच पिशवीत ठेवून दिला.

"पहाट झाली. तुमचा सर्व्हेअर जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "पण मेट्रन त्याच्या घरी राहायला आली आहे. आणि ती आता सहजासहजी जायची नाही, हे त्यानं समजून असावं."

टाळ्या खूप झाल्या. लोकांनी माझ्याशी हात मिळवले, मुख्याध्यापकांनी पाठ थोपटली आणि तोल जाऊ नये म्हणून बराच वेळ तिथेच हात ठेवला. मला सर्व्हेअर वाचल्याचा आनंद व्हायला हवा होता. तो होत होताही, पण माझं लक्ष टेबलाकडे होतं. हॉल रिकामा झाला तेव्हा आम्ही तिघंच उरलो. बायको घडीच्या खुर्च्या मिटवत होती. सासूबाई पुस्तकाच्या खाकी कव्हरवरच्या सुरकुत्या बोटानं सारख्या करत होत्या.

"त्या मेट्रनला खोली कुठली देणार?" त्यांनी विचारलं.

"मागची. सकाळचं ऊन येतं तिथं. माझे कागद आहेत, ते हलवता येतील."

"सर्व्हेअरच्या बायकोला चालेल?"

"तिला अजून विचारलंच नाही कुणी," बायको खुर्ची भिंतीला टेकवत म्हणाली. तिनं मान वळवली नाही. "पण चालेल."

"तिचा मुलगा गाडी पाठवील."

"मी सांगेन दादाला."

बाहेर जिन्यात कुणीतरी कुणाला तरी मेट्रनची गोष्ट पहिल्यापासून सांगत होतं, आणि चुकीची सांगत होतं.

"मग तिला कपाट अख्खं रिकामं करून द्या," सासूबाई शेवटी म्हणाल्या. "अर्ध्या कपाटात तिचं भागायचं नाही."

माझे शर्ट आता पलंगाखालच्या बॅगेत असतात. ऑफिसला जाताना ते जरा चुरगळलेलेच निघतात, आणि साहेब विचारतात तेव्हा मी सांगतो की घरी एक बाई कायमच्या राहायला आल्या आहेत.